गाळलेला ‘जर’

नारायणरावांना पेपर मोठ्यानं वाचायची सवय होती, आणि मंदाकिनीबाईंना तो न ऐकता ‘हूं’ म्हणायची. नारायणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून जळोचीच्या त्यांच्या घरात हा कार्यक्रम रोज सकाळी बिनचूक चाले. त्या दिवशी मात्र मेथी निवडता निवडता बाईंचा हात थांबला.

“इंदापूरच्या लेकीचं न्यूटनला आव्हान,” नारायणराव वाचत होते. “वरकुटे येथील डॉक्टर म्हाळसा सिद्धू कोकरे यांनी... अगं, ही आपली म्हाळसा!”

बाईंनी हात पुसून पेपर घेतला. बातमी चार बोटांची. फोटो जुना, बारावीच्या सत्कारातला, दोन वेण्या घातलेला. दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगेसारख्या तारकासमूहांच्या, कडेचे तारे फिरायला हवेत त्यापेक्षा फार वेगानं फिरतात, ते निसटून जात नाहीत म्हणून शास्त्रज्ञ तिथं न दिसणारं कृष्णद्रव्य आहे असं मानतात, पण डॉ. कोकरे यांच्या दोन वर्षांच्या संशोधनानुसार कृष्णद्रव्याची गरजच नसावी, गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथं अपुरा पडत असावा. शेवटी सरपंचांचं अभिनंदन.

“छान आहे,” म्हणून बाईंनी पेपर परत दिला आणि मेथी पुन्हा पुढ्यात ओढली.

जरा वेळानं नारायणराव म्हणाले, “मंदा, तू काड्या पातेल्यात टाकतेयस आणि पानं कचऱ्यात.”

“तिनं मला सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या.

म्हाळसा त्यांच्याकडे आली तेव्हा सोळा वर्षांची होती. कोकऱ्यांचा पिढीजात धंदा मेंढरांचा. वडील सिद्धू कोकरे यांनी कळप विकून वरकुट्याला पाच एकरात डाळिंब लावलं आणि मुलीला बारामतीच्या कॉलेजात अकरावीला घातलं. होस्टेल मिळेना. पहिल्या चाचणीत या मुलीनं भौतिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न चुकीचा छापलाय असं लिहून खाली बरोबर प्रश्न लिहिला होता, आणि मग त्याचं उत्तर. पेपर काढला होता मंदाकिनीबाईंनीच. त्या संध्याकाळी त्यांनी नारायणरावांना सांगितलं, मागची खोली रिकामी करा. दोघांना मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांसाठी आलेली पोर बीएस्सी होईपर्यंत पाच वर्षं राहिली, आणि पुढं पुण्याला गेली तरी त्या खोलीला घरात ‘म्हाळसाची खोली’च म्हणत राहिले.

बाईंचं एक व्याख्यान तालुक्यात प्रसिद्ध होतं: ‘जे दिसत नाही, ते आहे’. कृष्णद्रव्यावर, म्हणजे डार्क मॅटरवर, मराठीत, तेही खेड्यापाड्यांतल्या शाळांतून, तीस वर्षं त्या बोलत आल्या होत्या. त्यासाठी त्यांनी एक घरगुती उपकरण केलं होतं. जाड मार्कर पेनाची पोकळ नळी, तिच्यातून ओवलेली मासे धरायची तंगूस, वरच्या टोकाला रबरी बूच आणि खालच्या टोकाला लटकणारी कापडी पिशवी. पिशवीत लोखंडी नट. नळी हातात धरून बूच डोक्यावर गरागरा फिरवायचं. खालच्या पिशवीचं वजन बुचाला आत ओढून धरतं, त्यामुळं बूच निसटत नाही. वीस फेऱ्यांना किती सेकंद लागले ते मोजायचं, फळ्यावर गणित करायचं आणि पिशवी न उघडता सांगायचं, आत नट किती. मग एखाद्या मुलीला पुढं बोलावून पिशवी उघडायची. सात म्हटलं की सात निघत. पोरं टाळ्या पिटत. “असंच,” बाई सांगत, “ताऱ्यांच्या वेगावरून आपल्याला न दिसणारं द्रव्य कळलं. कृष्णद्रव्य आहे, हे सिद्ध झालंय.”

पाच वर्षं ते बूच फिरवायचं काम म्हाळसाकडे होतं. मेंढरं हाकताना गोफण फिरवलेला हात. तिची फेरी कधी डगमगली नाही.

बातमीनंतर दोनच दिवसांनी तिचा फोन आला. इंदापूरच्या कॉलेजातलं यंदाचं व्याख्यान शुक्रवारी होतं, आणि बाईंसोबत यायचं तिनं दिवाळीतच कबूल केलं होतं.

“बाई, मी गुरुवारी मुक्कामाला येते.”

“ये,” बाई म्हणाल्या. बातमीचा विषय दोघींनीही काढला नाही.

गुरुवारी ती आली ती वाळलेली, डोळ्यांखाली काळं, पाठीवर भलंमोठं दप्तर. नारायणरावांनी तिच्या आवडीची हुलग्याची शेंगोळी करायला लावली होती. ती दोन वाट्या जेवली, नारायणरावांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं, डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल सविस्तर बोलली, आणि जेवण संपता संपता पाटाकडे बघत म्हणाली, “तुम्ही पेपर वाचलात.”

“वाचला.”

“तुम्ही रागावलात.”

“मी कशाला रागावू? रागावलाच तर न्यूटन रागावेल.”

नारायणराव ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेले. म्हाळसा म्हणाली, “मला स्वतः येऊन सांगायचं होतं. आबांनी सरपंचांना सांगितलं, सरपंचांनी पेपरवाल्याला. मला तर पेपरवाल्याचा फोनसुद्धा आला नाही.”

“दोन वर्षं तू यावर काम करतेयस. दोन वर्षांत चार वेळा या पाटावर बसून जेवलीस.”

म्हाळसानं आपली वाटी ताटात ठेवली. खरं तर बाईंना नुसतं न सांगितल्याचं वाईट वाटलं नव्हतं. सव्वीसाव्या वर्षी पुण्यात त्यांनी याच विषयावर पीएचडीला नाव नोंदवलं होतं. मग नारायणरावांची कालव्यावर बदली झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग कॉलेजातली नोकरी. संशोधन सुटलं, पण विषय सुटला नाही. कृष्णद्रव्य हे त्यांच्या वाट्याला आलेलं एकमेव मोठं कोडं होतं, आणि ते त्यांनी पोटच्या पोरीसारखं गावोगाव मिरवलं होतं. आता त्यांनीच वाढवलेली पोरगी म्हणत होती, ते नसेलच कदाचित.

सकाळी बाई गच्चीवर गेल्या तेव्हा म्हाळसा नळी आणि पिशवी घेऊन उभी होती.

“सराव करू या, बाई? खूप दिवस झाले. नट मी भरलेत. तुम्ही ओळखा.”

बाईंना तेवढंच बरं वाटलं. त्यांनी मोबाईलवर वेळ लावली. म्हाळसानं बूच फिरवलं, तीच जुनी एकसारखी फेरी. वीस फेऱ्या झाल्या, बाईंनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. “नऊ,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“पुन्हा फिरव.” पुन्हा मोजलं, पुन्हा नऊ. “नऊ. उघड.”

पिशवीत सहा नट होते.

बाईंनी पिशवी उलटी करून झटकली. शिवण चाचपली. मग त्यांनी म्हाळसाकडे पाहिलं, आणि कोरा चेहरा ठेवायची तिची धडपड पाहून त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नळी तिच्या हातातून काढून घेतली आणि उजेडात धरली. आत, तंगुशीला बांधलेलं, केसांना लावतात तसलं एक बारीक रबर होतं. त्याचं खालचं टोक नळीच्या तळाशी चिकटवलेलं होतं. पिशवी ओढत होती ती होतीच, पण ते रबरही गुपचूप ओढत होतं.

“लबाड!” बाई म्हणाल्या.

“गणित तुमचं बरोबरच होतं, बाई. पण ते गणित एक गोष्ट धरून चालतं, की ओढायचं काम फक्त पिशवी करते. तुम्ही नळीच्या आत बघितलं नाही. बुचाचा वेग जास्त दिसला आणि तुम्ही तीन नट वाढवलेत. ते तीन नट म्हणजे तुमचं कृष्णद्रव्य.”

“आणि रबर म्हणजे तुझा नवा नियम.”

“हो. फार दूर, जिथं ओढ अगदी क्षीण होते, तिथं गुरुत्वाकर्षण आपल्याला वाटतं तितकं कमी होत नसेल तर? मग न दिसणारं काही मानायलाच नको.”

बाई कठड्यावर टेकल्या. खाली रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “एवढं सोपं नाही ते,” त्या म्हणाल्या. “दीर्घिकांचे मोठे समूह घे. मागून येणारा प्रकाश त्यांच्यापाशी किती वाकतो त्यावरून वस्तुमान निघतं. तेही दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं. ते ताऱ्यांच्या वेगावरून काढलेलं नाही.”

“पण प्रकाश वाकण्याचं गणितसुद्धा गुरुत्वाकर्षणाच्याच नियमातून येतं. आपण ज्याची परीक्षा घेतोय त्यालाच साक्षीदार म्हणून उभं करतोय.” मग म्हाळसानं प्रामाणिकपणे पुढं जोडलं, “तरी तुमचं बरोबर आहे. समूहांपाशी नवा नियमही लंगडतो. तिथं त्यालाही थोडं न दिसणारं द्रव्य उसनं घ्यावं लागतं. मी कृष्णद्रव्य नाहीच असं कुठं लिहिलेलं नाही, बाई. ते पेपरवाल्याचं.”

“मग तू काय लिहिलंयस?”

“तुम्ही अकरावीत एकाच तासाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आठवतं? युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा लोकांनी न दिसणारा ग्रह मानला आणि नेपच्यून सापडला. बुध गणिताप्रमाणे चालेना, तेव्हाही न दिसणारा ग्रह मानला, त्याला नावसुद्धा देऊन टाकलं. तो कधी सापडलाच नाही. शेवटी नियमच बदलला. आता तारे गणिताप्रमाणे चालत नाहीत. ही गोष्ट नेपच्यूनसारखी आहे की बुधासारखी, हे कसं ठरवायचं? तुम्ही नेपच्यूनसारखी धरून चाललात.”

तो तास बाईंना आठवत होता. एक मुलगी तास संपल्यावरही फळ्यासमोरून हलत नव्हती, तेही आठवत होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलाच फळा आपल्यापुढं आणून ठेवावा आणि त्यात आपल्यालाच न दिसलेलं दाखवावं, याचा राग यायला हवा होता. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, “तुझं मोजमाप नेमकं कशावर आहे?”

म्हाळसा खाली बसली आणि गच्चीच्या फरशीवर नट मांडून सांगू लागली. आकाशात ताऱ्यांच्या जोड्या असतात, एकमेकांभोवती फिरणाऱ्या. काही जोड्या इतक्या विरळ की दोन ताऱ्यांमधलं अंतर पृथ्वी-सूर्याच्या अंतराच्या हजारो पट. तिथं ओढ अगदी क्षीण. आणि दीर्घिकेच्या मानानं एवढ्याशा जागेत कृष्णद्रव्य असलंच तर नगण्य. म्हणजे तिथं तारे जास्त वेगानं फिरताना दिसले, तर दोष न दिसणाऱ्या द्रव्यावर ढकलता येत नाही. मग बोट नियमाकडेच जातं. तिनं अशा दोन हजार जोड्या तपासल्या होत्या. वेग खरंच जास्त निघाला होता.

बाई त्या दोन नटांकडे बघत राहिल्या. कॉलेजात असताना कुणाच्या वहीत उत्तर फार सुंदर आलं की त्या हमखास मागची दोन पानं उलटून बघत. त्याच सवयीनं त्यांनी विचारलं, “जोडीत दोघंच आहेत, हे कशावरून?”

“म्हणजे?”

“एखाद्या ताऱ्याला चिकटून तिसरा लहानसा तारा असेल. दुर्बिणीला दोघांचा मिळून एकच ठिपका दिसणार. तुझ्या हिशेबात वस्तुमान कमी धरलं जाईल आणि वेग जास्त दिसेल. नियम बिचारा जागच्या जागी.”

“मी चाळणी लावली आहे त्यासाठी. बहुतेक अशा जोड्या गाळल्यात.”

“बहुतेक म्हणजे किती?”

म्हाळसानं फरशीवरच्या दोन नटांशेजारी तिसरा नट सरकवून ठेवला.

“न दिसणारं काही मानायलाच नको म्हणतेस,” बाई हळूच म्हणाल्या, “आणि तुझ्याच जोड्यांत न दिसणारे तारे असायचे.”

“बाई,” म्हाळसा म्हणाली, “हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी का नाही विचारलंत?”

“तू सांगितलं कुठं होतंस मला?”

एकमेकींकडे बघून दोघींना हसू फुटलं ते आवरेना. खालून नारायणरावांनी ओरडून विचारलं, काय झालं म्हणून. हसता हसता म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी भ्यायले होते,” ती म्हणाली. “वाटलं, तुम्हाला वाटेल की याच घरात खाऊन-पिऊन मोठी झाले आणि तुमचंच व्याख्यान मोडायला निघाले.”

“मोड की. पण माझ्यासमोर मोड. म्हणजे मला मदत करता येईल.”

इंदापूरला निघायला उशीरच झाला. वाटेत वरकुट्याच्या फाट्यावर सिद्धूभाऊ उभे होते, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात डाळिंबाची पिशवी. लेकीचं व्याख्यान ऐकायला ते पहिल्यांदाच येत होते. मागच्या सीटवर लेकीशेजारी बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “छकुले, त्यो न्यूटन काय म्हनाला?” घरी तिला छकुलीच म्हणत.

“त्यो मरून तीनशे वर्सं झाली, आबा.”

“मंग आव्हान कुनाला दिलं?”

“कुनालाच न्हाय. पेपरवाल्यानं दिलं.”

“आन् बाई तुज्यावर रागावल्या न्हाईत ना?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, पण गाडीत सगळ्यांनाच ऐकू गेलं. “न्हाय, मला रातभर झोप न्हाय. ज्या घरचं अन्न खाल्लं त्यास्नी खोटं पाडलं, असं कुनी म्हनायला नको.”

बाई पुढच्या सीटवरून वळल्या. “सिद्धूभाऊ, तुमच्या पोरीनं मला आज सकाळी गच्चीवर खोटं पाडलं. आणि मी तिला. आमचं बरोबरीत सुटलंय.”

सिद्धूभाऊंना ते फारसं कळलं नाही, पण बाई हसतायत एवढं त्यांनी पाहिलं आणि डाळिंबाची पिशवी निवांतपणे पायाशी ठेवली.

कॉलेजच्या सभागृहात दोनशे मुलं-मुली होती. प्राचार्यांनी ओळख करून दिली, हारतुरे झाले. बाई उभ्या राहिल्या. हे व्याख्यान त्यांना झोपेतही पाठ होतं. कुठं थांबायचं, कुठं पोरं हसतात, सगळं. त्यांनी म्हाळसाला बूच फिरवायला सांगितलं, फळ्यावर गणित केलं, आणि पोरांकडूनच उत्तर वदवून घेतलं. पोरं ओरडली, “नऊ!”

पहिल्या रांगेतल्या निकिता नावाच्या मुलीला त्यांनी पिशवी उघडायला बोलावलं. तिनं मोजले, परत मोजले, आणि घाबरून बाईंकडे पाहिलं. “मॅडम, सहाच हायत.”

प्राचार्य खुर्चीत चुळबुळले. बाई म्हणाल्या, “बरोबर. सहाच आहेत. आज सकाळी माझंही उत्तर नऊच आलं होतं.” मग त्यांनी नळी निकिताच्या हातात दिली आणि आत बघायला लावलं. ती मोठ्यानं म्हणाली, “मॅडम, यात रबर हाय!” आणि मागच्या रांगेपर्यंत खसखस पिकली.

खसखस शमल्यावर बाई म्हणाल्या, “तीस वर्षं मी या तालुक्यात एक वाक्य सांगत आले. कृष्णद्रव्य आहे, हे सिद्ध झालंय. तुमच्यापैकी काहींच्या आईवडिलांनीही ते माझ्याकडून ऐकलं असेल. त्या वाक्यातला एक शब्द मी गाळत होते. पूर्ण वाक्य असं आहे: गुरुत्वाकर्षणाचा आपल्याला माहीत असलेला नियम *जर* तिथंही जसाच्या तसा लागू असेल, तर कृष्णद्रव्य असलंच पाहिजे. तो ‘जर’ मी गाळला, कारण त्याशिवाय वाक्य छान वाटायचं. ही माझी विद्यार्थिनी. तिनं मला तो दाखवला.”

त्यांनी फळ्यावर ‘जर’ हा एवढाच शब्द लिहिला आणि खडू म्हाळसाकडे दिला.

म्हाळसानं काय बोलायचं ते कागदावर लिहून दप्तरात आणलं होतं. ते तिनं काढलंच नाही. तिनं ताऱ्यांच्या जोड्यांचं काम सांगितलं, बातमी कुठं चुकली तेही सांगितलं. मग म्हणाली, “आज सकाळी बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. जोडीत लपलेला तिसरा तारा नाही, हे मी पुरेसं तपासलेलं नाही. असे तारे बरेच निघाले, तर मला जो नियमातला बदल वाटतोय तो बदल नसेलच. मी परत जाऊन बघणार आहे. काय निघेल ते मला आत्ता माहीत नाही.”

एका मुलानं हात वर केला. “मग मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?”

“पुस्तकात आहे तेच लिही,” बाई म्हणाल्या, “आणि आधी ‘जर’ लिही. त्याचे मार्क कुणी कापले तर मला फोन कर.”

परतताना नारायणरावांनी मुद्दाम हायवे धरला, म्हणजे म्हाळसाला भिगवणला पुण्याची बस मिळाली असती. डाळजला एका हॉटेलापाशी ते चहाला थांबले. सिद्धूभाऊही आग्रहानं तिथवर आले होते. परत जायला गाड्या मिळतात म्हणाले. चहा पिता पिता ते काहीतरी मनात घोळवत होते.

“बाई, एक इचारू? ह्ये ठरल्यावर काय हुनार? म्हंजी पानी, पीक, काय फरक?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“कायबी न्हाय?”

“न्हाय, आबा,” म्हाळसा म्हणाली. “कळंल फकस्त.”

सिद्धूभाऊंनी बशीतला चहा संपवला. “बरं हाय,” ते म्हणाले. “कळलं म्हंजी बरंच हाय की.” आणि खिशातून वीस-वीसच्या नोटा काढून चहाचे पैसे कुणालाही देऊ न देता त्यांनी दिले. पुण्याची बस तिथंच हॉटेलापाशी आली तेव्हा लेकीच्या दप्तरात डाळिंबं भरताना त्यांनी इतकी कोंबली की चेन लागेना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी म्हाळसाचा फोन आला. नुसतं ‘बाई’ म्हणून ती थांबली, तेव्हाच बाईंना कळलं.

“किती निघाले?”

“चारशे जोड्यांचे जुने, जास्त बारकाईनं घेतलेले फोटो मिळाले. त्यातल्या सव्वाशेत तिसरा तारा आहे. त्या काढून टाकल्या तर वेगातला फरक निम्म्याहून कमी उरतो. उरलेला खरा की नुसता मोजमापातला गोंधळ, सांगता येत नाही.” ती थोडी थांबली. “निबंध ज्या नियतकालिकाला दिला त्याच्या संपादकांना मी कळवलं. निबंध मागं घेऊन पुन्हा लिहितेय. ज्याच्याबरोबर काम करते तो सूरज म्हणाला, जरा थांबायचं होतंस. कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, एका माणसाच्या आधीच लक्षात आलंय, आणि त्या माणसाच्या घरी मला दिवाळीला जेवायला जायचंय.”

आपली बाजू वर आली, असं बाईंना वाटायला हवं होतं. तसं काहीच वाटलं नाही. दोन वर्षं त्या पोरीनं काय काय पणाला लावलं असेल हेच डोळ्यांपुढं येत राहिलं. “म्हाळू,” त्या म्हणाल्या, “म्हणून नियम बरोबर ठरला असं नाही.”

“नाही. आणि चुकीचाही ठरला नाही.” म्हाळसाचा आवाज जरा सावरला. “अजून सोळाशे जोड्या आहेत. एकेक फोटो डोळ्यांनी बघायला लागतो. कॉम्प्युटर फसतो, ठिपका किंचित लांबट असला तर त्याला कळत नाही. माणसं कमी आहेत आमच्याकडे. म्हणजे... बाई, तुम्ही दुपारी काय करता?”

पंधरा दिवसांनी मागच्या खोलीतल्या टेबलावर नवा, मोठा स्क्रीन आला. नारायणरावांनी पडदा बदलून जाड लावला, कारण उन्हात ठिपके दिसत नव्हते. म्हाळसानं फोनवरून दोन दुपारी शिकवलं. मध्ये एकदा बाईंनी चुकून सगळी यादी पुसली आणि दोघींनी ती परत आणेपर्यंत नारायणराव उपाशी राहिले. मग रोज दोन ते पाच असा शिरस्ता पडला. बाई चष्मा वर सरकवून स्क्रीनला नाक लावत, नारायणराव शेजारी बसून क्रमांक वाचत आणि वहीत खुणा करत. दोन तारे स्वच्छ वाटले तर बरोबरची खूण, तिसरा दिसला तर फुली.

पहिल्याच आठवड्यात सतराव्या जोडीवरून दोघांचं जुंपलं. डावा ठिपका बाईंना एका बाजूला फुगलेला वाटत होता. नारायणरावांच्या मते तो गोल होता, बाईंचा चष्मा पुसायला हवा होता. बाईंनी चष्मा पुसला. ठिपका अजूनही फुगलेलाच होता. नारायणरावांनी आपला चष्मा पुसला. तो त्यांना अजूनही गोलच दिसत होता.

शेवटी त्यांनी म्हाळसाला फोन लावला. “शंका आहे असं लिहा,” ती म्हणाली, “आणि दोघांचीही मतं लिहा. उद्या मी बघते.”

नारायणरावांनी वहीत नवा रकाना आखला आणि वर मोठ्या अक्षरांत ‘शंका’ असं लिहिलं. बाईंनी पुढची जोडी उघडली.